राजाबाईचे अठ्ठावन्न ठिपके

राजाबाईला सोलापुरात नोकरी मिळाली ती एका मेंढीच्या मागच्या पायामुळे. अर्ज, मुलाखत, कुणाची चिठ्ठी, यातलं काही लागलं नाही. विजापूर रस्त्यावरच्या एका महाविद्यालयात डॉक्टर शिवलीला कलशेट्टी जिवाणूंवर संशोधन करत होत्या. त्यासाठी त्यांनी तीन मेंढ्या विकत आणल्या, आणि त्यांतली एक पहिल्याच दिवशी दावं तोडून फाटकाबाहेर पळाली. तिच्यामागे सोमेश नावाचा त्यांचा पीएच.डी.चा विद्यार्थी, त्याच्यामागे शिपाई, आणि त्याच्यामागे पांढऱ्या कोटातल्या खुद्द मॅडम. मेंढी पकडायची म्हणजे दोन्ही हात पसरून समोर उभं राहायचं, एवढीच तिघांची विद्या. अशी कधी मेंढी सापडली आहे का कुणाला? राजाबाई तेव्हा फाटकापाशी रस्त्याच्या कामावर खडी टाकत होती. तिनं पाटी खाली ठेवली, मेंढीला शेजारून जाऊ दिलं आणि मागचा पाय असा धरला की मेंढी जागच्या जागी गपगार झाली.

“ह्यास्नी समोरनं न्हाय धरत, म्याडम,” ती म्हणाली. “समोरनं कुणी आलं की मेंढीला वाटतंय, हे आपल्याला खायालाच आलंय.”

मॅडमनी तिला तिथंच विचारलं, रोज येणार का. राजाबाईनं एकदा पाटीकडे पाहिलं, एकदा मुकादमाकडे पाहिलं, आणि व्हय म्हणाली.

राजाबाई सांगोल्याकडची. तिचा बाप बिरुदेव आयुष्यभर लोकांच्या मेंढ्या वळत आला. नवरा गुंडा याच्या घरची स्वतःची सत्तर मेंढरं होती. पण चरायला माळ राहिला नाही. जिथं बघावं तिथं डाळिंबाच्या बागा आणि बागांना तारेची कुंपणं. मेंढरू तारेपलीकडचं गवत बघून ओरडायचं आणि गुंडा ऐकत उभा राहायचा. शेवटी त्यानं कळप विकला आणि नवराबायको सोलापुरात आली. जुळे सोलापूर या वस्तीतल्या एका इमारतीत गुंडा वॉचमन झाला. जिन्याखालच्या खोलीत दोघांचा संसार मावला. विकलेल्या मेंढरांचं नाव गुंडानं त्यानंतर कधी काढलं नाही, पण रिक्षाचे हॉर्न वाजले की अजूनही तो दचकून उठून कळप गोळा करायला निघतो, असं राजाबाई हसत सांगायची.

प्रयोगशाळेतलं तिचं काम आधी साधं होतं. मेंढीच्या तोंडातून नळी घालून पोटातला रस काढायचा, तेव्हा मेंढी धरून ठेवायची. हा रस कशाला? तर आपल्याकडची मेंढी कडबा खाऊन जगते असं आपण म्हणतो, ते अर्धंच खरं. कडबा फोडायची ताकद मेंढीत मुळी नसतेच. तिच्या पोटाच्या मोठ्या कप्प्यात कोट्यवधी जिवाणू बसलेले असतात, ते कडबा फोडतात, आणि त्यांच्या खरकट्यावर मेंढी जगते. त्यातल्या एका जातीच्या जिवाणूला ही कला कुठल्या जनुकांमुळे येते, हे मॅडमना शोधायचं होतं. ते कळलं तर कोरड्या मुलखातल्या निकस चाऱ्यातूनही जनावराच्या अंगी चार घास जास्त लावता येतील. बाई कर्नाटकच्या सीमेवरच्या मैंदर्गीच्या होत्या. घरी गुरंढोरं पाहिलेली. उगाच परदेशी नियतकालिकासाठी काहीतरी उकरून काढणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या.

हे जिवाणू मात्र महाबिलंदर. वारा लागला की मरतात. म्हणून त्यांच्यासाठी एक काचेची पेटी होती, आत प्राणवायूचा कण नाही. पेटीला दोन लांब रबरी बाह्या, त्यांत हात घालून बाहेरून काम करायचं. आत प्लास्टिकच्या तबकड्या, तळहाताएवढ्या, प्रत्येकीत शहाण्णव छोटे खळगे. दात कोरायच्या काडीनं एका तबकडीतला थेंब उचलायचा आणि दुसऱ्या तबकडीतल्या त्याच जागच्या खळग्यात बुडवायचा. काडी टाकायची, नवी घ्यायची. सोमेशचे हात दोन तबकड्यांनंतर थरथरायला लागत. राजाबाईनं एकदा करून बघते म्हटलं आणि सकाळपासून जेवणाच्या सुट्टीपर्यंत सहा तबकड्या हातावेगळ्या केल्या. ज्या हातांनी अडलेल्या मेंढीच्या पोटातलं कोकरू फिरवून बाहेर काढलंय, त्यांना काडीचं काय मोठंसं?

तेव्हापासून हे काम तिचं. मूळ तबकड्या अठ्ठेचाळीस. त्या उणे ऐंशी अंशाच्या फ्रीजरमध्ये गोठवून ठेवलेल्या. पेटीत वाढायला ठेवायची जागा दोन-तीन तबकड्यांपुरतीच, म्हणून एका वेळी एकच काढायची, तिच्यावरून दोन नकला करायच्या. एका नकलेत साखरेचं पाणी, दुसरीत कडब्याच्या बारीक पिठाचं पाणी. दोन्हींत जांभळा रंग घातलेला. जिवाणू खाऊन-पिऊन वाढला की जांभळ्याचा पिवळा होतो. शेवटचे दोन खळगे रिकामे सोडायचे, त्यांत काही घालायचं नाही, एवढं सोमेशनं तिला बजावून सांगितलं होतं. बाकी कशासाठी, कुणासाठी, हे काही सांगितलं नाही. शिकलेल्या माणसांची ही जुनी खोड आहे. काम सांगतात, कामाचं कारण सांगत नाहीत. बाईला कळणार नाही असं परस्पर ठरवून मोकळे होतात.

राजाबाई खळग्यांना घरं म्हणायची. नकला केल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी ती पेटीपाशी येऊन घरं बघायची. साखरेची सगळी घरं पिवळी झालेली असत, अगदी बिरोबाच्या भंडाऱ्यासारखी. कडब्याच्या तबकडीतही बहुतेक पिवळी. पण शेवटची दोन रिकामी सोडली तरी एखादं घर तसंच जांभळं. कधी एक, कधी दोन, कधी एकही नाही. ते जांभळं घर बघितलं की तिला राहवायचं नाही. शेजारी सगळे जेवून बसलेत आणि हा एक उपाशी.

इथंच घात झाला. राजाबाईला यावर इलाज ठाऊक होता. मेंढीनं रवंथ करायचं सोडलं की बिरुदेव काय करायचा? कळपातली धडधाकट मेंढी धरायची, रवंथाला बसली की तिच्या तोंडात दोन बोटं घालून घास काढायचा, आणि तो आजारी मेंढीच्या तोंडात भरायचा. दोन दिवसांत आजारी मेंढी उठून उभी. लहानपणापासून तिनं हे शंभरदा केलं होतं. तेव्हा जांभळं घर दिसलं की ती शेजारच्या पिवळ्या घरातला थेंब काडीवर घ्यायची आणि त्या घरात बुडवायची. आणखी दोन दिवसांनी सोमेश तबकडीचा फोटो काढायला यायचा तोवर ते घरही पिवळं झालेलं असायचं. तिला इतकं बरं वाटायचं! ह्यात सांगण्यासारखं काय आहे, असंच तिला वाटलं. कळपातलं एखादं कोकरू बाटलीनं पाजलं तर कुणी धन्याला निरोप पाठवतं का?

असे पाच महिने गेले. अठ्ठेचाळीस तबकड्या, साडेचार हजार घरं, सगळी पिवळीधमक.

मार्गशीर्ष लागला तशा मॅडम वाळायला लागल्या. चहा घेताघेता मध्येच उठून जायच्या. सोमेशनं दाढी करायचं सोडलं. एका दुपारी मॅडम मेंढ्यांच्या शेडकडे आल्या, पेंडीच्या पोत्यावर बसल्या आणि मेंढ्यांकडे बघत राहिल्या. राजाबाई पाणी पाजत होती.

“म्याडम, काय दुखतंय का?”

“बावीस दिवसांनी समिती येणार आहे, राजाक्का,” मॅडम म्हणाल्या. मोठी बाई म्हणून त्या तिला राजाक्का म्हणत. “चार वर्षांत काय केलंत, विचारतील. आणि माझ्याकडे दाखवायला काही नाही. ते प्रकल्प बंद करतील. सोमेशची पीएच.डी. बुडेल. ह्या मेंढ्यासुद्धा विकाव्या लागतील.”

“का वो? घरं तर समदी पिवळी हायती की.”

“तेच तर दुखणं आहे! साडेचार हजारांत एकसुद्धा नापास होऊ नये?”

“नापास झालेलं चांगलं असतंय व्हय?”

मॅडमना हसू आलं, रडवेलं का होईना. त्या दिवशी त्यांना कुणाशी तरी बोलायचं होतं, आणि समोर राजाबाई होती.

“असं समजा, एका घरात वीस सुना आहेत. कोण काय काम करते ते आपल्याला माहीत नाही, आणि विचारायची सोय नाही. मग काय करायचं? एकेक दिवस एकेकीला माहेरी पाठवायचं. आणि त्या दिवशी घरात काय अडतंय ते बघायचं. ज्या दिवशी भाकरी झाली नाही, त्या दिवशी जी माहेरी गेली तीच भाकरी करणारी. बरोबर की नाही?”

“बरोबर की.”

“तसंच आहे हे. डीएनएचा एक एवढासा तुकडा असतो, ट्रान्सपोझॉन म्हणतात त्याला. भारी उनाड. जिवाणूत सोडला की उडी मारून कुठंही जाऊन बसतो. ज्या जनुकात बसला त्याचं काम बंद. म्हणजे ती सून माहेरी. आमच्या ह्या जिवाणूत तो तुकडा शिरायलाच दोन वर्षं लागली बघा, दुसऱ्या एका जिवाणूच्या पाठीवर बसवून शिरवला. आता तुमच्या तबकडीतल्या प्रत्येक घरात कुठली ना कुठली तरी एक सून माहेरी गेलेली आहे. साखर आयती असते, ती सगळेच खातात. पण जिच्यावाचून कडबा फुटत नाही ती सून जिथं नसेल, ते घर कडब्यावर उपाशी राहायला हवं. जांभळं. मग त्या घरात तुकडा नेमका कुठं बसलाय ते वाचायचं, की सून सापडली. मला ती उपाशी घरंच पाहिजेत, राजाक्का. पिवळी घेऊन मी काय करू?”

राजाबाईच्या हातातली बादली कलंडली. मेंढ्यांनी पाय मागे घेतले. ज्या ज्या घरी भाकरी झाली नव्हती, त्या त्या घरी तिनं आपल्या हातानं शेजारची भाकरी नेऊन ठेवली होती. करायला गेली गणपती आणि झाला मारुती. ती खाली बसून सांडलेलं पाणी खराट्यानं लोटायला लागली. मॅडमना वाटलं, हिला काही कळलं नाही. त्या उठून गेल्या.

संध्याकाळी तिनं गुंडाला सगळं सांगितलं. तो गेटजवळच्या खुर्चीवर बसला होता, आत येणाऱ्या स्कूटरींचे नंबर वहीत लिहीत.

“गप बस,” गुंडा म्हणाला. “कुणी बगितलं का? न्हाय ना? मग कशाला सोताच्या पायावर धोंडा पाडून घेतीस? परत खडी टाकायला जायाचंय का?”

खोलीत जाऊन तिनं भाकरी थापल्या. तिची नोकरी बरी होती, सावलीतली होती, आणि खरं सांगायचं तर त्या काचेच्या पेटीवर तिचा जीव जडला होता. उद्यापासून तिथं जायचं नाही ह्या विचारानंच तिला भडभडून येत होतं. आणि गप्प बसली तरी काय? बावीस दिवसांनी पेटीही नाही, मेंढ्याही नाहीत, आणि मॅडमचा तो चेहरा जन्मभर डोळ्यांपुढं.

गुंडा जेवायला बसला. एक घास खाल्ला आणि हात तसाच ठेवून बसला.

“तुझा बाप लोकांची मेंढरं वळायचा,” तो म्हणाला. “मेंढी मेली तर काय करायचा?”

“कातडं न्हेऊन दावायचा. कानाची खूण धन्याला दावल्याबिगर जेवायचा न्हाय.”

“मग इचारतीस काय मला?” गुंडा चिडून म्हणाला, जणू तिनंच त्याला गप्प बसायला सांगितलं होतं. “दाव जा कातडं. खडी मीबी टाकीन.”

राजाबाईला त्या क्षणी नवऱ्याचा इतका अभिमान वाटला की तिनं त्याच्या ताटात न विचारता आणखी एक भाकरी टाकली.

सकाळी आठला ती मॅडमच्या खोलीबाहेर उभी होती. सोमेशही आलेला होता. तिनं दारातूनच सांगायला सुरुवात केली. आजारी मेंढीचा घास, शेजारच्या घरातला थेंब, पाच महिने. एका दमात सगळं.

आधी सोमेश भडकला. “पाच महिने, मावशी! पाच महिने मी ह्या आकड्यांवर डोकं आपटतोय! तुम्हाला कुणी सांगितलं होतं हात लावायला?” त्यानं हातातली फाईल टेबलावर आपटली आणि तो बाहेर निघून गेला. नातेपुत्याहून आईवडिलांना मोठमोठ्या गोष्टी सांगून आलेला मुलगा, त्याचा राग खोटा नव्हता.

मॅडम ओरडल्या नाहीत. त्याचीच राजाबाईला जास्त भीती वाटली. त्यांनी कपाळ दोन्ही हातांत धरलं आणि कानडीत स्वतःशीच काहीतरी पुटपुटल्या. सगळ्या नकला पुन्हा करायच्या तर पाच महिने. हातात एकवीस दिवस.

“किती घरं असतील अशी?” त्यांनी शेवटी विचारलं.

“साठाच्या आसपास असतील.”

“साडेचार हजारांतली साठ. कुठली ते आता देवालाच ठाऊक.”

“मला ठाव हाय की,” राजाबाई म्हणाली.

मॅडमनी मान वर केली.

“आजारी मेंढीला घास दिला की तिच्या पाठीवर गेरूची खूण करत्यात, म्याडम. न्हायतर सत्तर मेंढरांत कुनाला दिला अन् कुनाला न्हाय, कसं कळावं? मी तांबडा ठिपका दिलाय. प्रत्येक घरावर.”

“कशावर? त्या नकला तर आपण फोटो काढून जाळून टाकल्या!”

“नकलेवर कशाला देऊ? खूण मेंढीवर करायची असती, गव्हाणीवर न्हाय. मूळ तबकडीच्या झाकणावर दिलाय. त्या फ्रीजरातल्या.”

मॅडम धावत सुटल्या. चाळीस वर्षांची, दोन पदव्या घेतलेली बाई व्हरांड्यातून धावताना शिपायानं पहिल्यांदाच पाहिली. मेंढी पळाली तेव्हासुद्धा त्या एवढ्या जोरात धावल्या नव्हत्या. फ्रीजरचा दरवाजा उघडला, पहिली तबकडी बाहेर आली. झाकणावर बोटभर बर्फाचा पांढरा थर. खाली काही दिसेना. पाच महिने तो थर सगळं झाकून बसला होता, म्हणून तर कुणाच्या नजरेस काही पडलं नव्हतं. मॅडमनी सवयीनं स्पिरिटची बाटली उचलली, कापसावर स्पिरिट ओतलं आणि झाकण पुसायला हात नेला.

राजाबाईनं त्यांचं मनगट धरलं. घट्ट, मेंढीचा पाय धरावा तसं.

“स्पिरिट न्हाय! म्याडम, स्पिरिटनं त्या पेनचं रंग जातंय. तुमीच शिकवलं न्हाय का, काचेवर चुकीचं लिवलं तर स्पिरिटनं पुसायचं?”

मॅडमच्या हातातून कापूस गळून पडला. किती थोडक्यात वाचलं ते दोघींना एकदमच कळलं. मग राजाबाईनं पदराचा कोरडा शेव घेतला आणि हलक्या हातानं बर्फ पुसला. तिसऱ्या रांगेतल्या आठव्या घरावर तिळाएवढा तांबडा ठिपका होता.

दुसऱ्या तबकडीवर एकही नव्हता. तिसरीवर दोन होते. तबकडी वितळू नये म्हणून एक आत गेली की मगच दुसरी बाहेर, असं चाललं होतं. दहाव्या तबकडीला सोमेश दारात येऊन उभा राहिला. विसाव्याला तो वही घेऊन जवळ आला आणि जागा टिपून घ्यायला लागला. अठ्ठेचाळीस तबकड्या संपल्या तेव्हा ठिपके भरले अठ्ठावन्न.

“ह्यातले सगळे खरे नसतील,” सोमेश मॅडमना म्हणाला. राजाबाईशी तो अजून बोलत नव्हता. “काही ठिकाणी नुसती काडी नीट लागली नसेल. काही जिवाणू सावकाश वाढणारे असतील. कदाचित एकही खरा नसेल.”

“कळेल,” मॅडम म्हणाल्या. मग राजाबाईकडे वळल्या. “राजाक्का, तुम्ही केलंत ते फार वाईट झालं. मला राग आलाय, तो लगेच जाणार नाही. पण पाच महिने तुम्ही माझ्या पेटीत हात घालून बसलात आणि आत काय चाललंय ते मी तुम्हाला पेंडीच्या पोत्यावर बसून काल सांगितलं, तेही चुकून. ही चूक माझी. उद्या नऊला या. ही अठ्ठावन्न घरं तुम्हीच लावायची.”

“मी? परत?”

“तुमच्याइतका स्थिर हात इथं कुणाचा आहे?”

राजाबाईनं अठ्ठावन्न घरं लावली. प्रत्येकाचे कडब्यात तीन तीन खळगे, म्हणजे एकदा हात चुकला तरी तीनदा चुकणार नाही. साखरेत एकेक. या वेळी ती प्रत्येक काडीला विचारत होती आणि सोमेश, तोंड फुगवून का होईना, सांगत होता. तो तुकडा बसलाय तिथनं परत उडाला तर? आता उडत नाही, तशी सोय केलेली आहे. एका घरात दोन सुना माहेरी गेल्या असल्या तर? ह्या प्रश्नावर सोमेशनं वहीतून मान वर काढली आणि म्हणाला, “हे तुम्हाला कसं सुचलं? हे आम्हाला तपासावंच लागतं.” तेवढ्यानं तिचं अर्धं ओझं उतरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पेटीपाशी आली. कडब्याच्या तबकड्यांत जांभळी घरं दिसत होती. तीन तीन, ओळीनं. हात आपोआप बाह्यांत गेले. काड्यांचा डबा तिथंच होता आणि शेजारी पिवळी घरं भरलेली. तिनं हात बाहेर काढले, पदराला पुसले आणि शेडमध्ये जाऊन मेंढ्यांजवळ बसली. उपाशी जिवाकडं बघून उठून यायचं, हे तिनं जन्मात कधी केलं नव्हतं. तिचे डोळे भरून आले. बिरोबाला तिनं आजवर पाऊस मागितला होता, चारा मागितला होता, अडलेली मेंढी सुटू दे म्हणून हात जोडले होते. आज ती म्हणाली, देवा, एवढे चार दिवस ह्यांना उपाशी ठेव. नारळ फोडीन.

तिसरा दिवस तिनं शेडमध्येच काढला. पेटीच्या खोलीत पाऊल टाकलं नाही. मॅडमही गेल्या नाहीत. सोमेश खोलीच्या दारापर्यंत जाऊन दोनदा परत आला.

चौथ्या दिवशी तिघं पेटीपुढं उभी राहिली. राजाबाईनं बाह्यांत हात घातले आणि पहिली तबकडी काचेजवळ आणली. सोमेश वही घेऊन वाचायला लागला.

“पहिला, तिन्ही पिवळे. दुसरा, तिन्ही पिवळे. तिसरा... पिवळे.”

प्रत्येक वेळी त्याचा आवाज खाली जात होता. मॅडमनी डोळे मिटून घेतले होते. राजाबाईनं तबकडी काचेच्या आणखी जवळ धरली.

“चौथा,” सोमेश म्हणाला आणि थांबला. काचेला नाक लावून त्यानं पुन्हा पाहिलं. “चौथा जांभळा. तिन्ही.”

पाचवा पिवळा. सहावा जांभळा. सातवा जांभळा. आता तो भराभर वाचत होता, आवाज चढत होता, आणि मॅडमचे डोळे उघडे होते. दोन्ही तबकड्या संपल्या. त्यानं बेरीज केली, पुन्हा केली.

“एकवीस,” तो म्हणाला. “मावशी, एकवीस!”

“साखरेची बघा आधी,” राजाबाई घाईनं म्हणाली आणि तिनं तिसरी तबकडी काचेला टेकवली. अठ्ठावन्नच्या अठ्ठावन्न पिवळी. ती एकवीसही साखर खाऊन मजेत होती. मेलेली एकही नव्हती. कडब्यापुढंच काय ती हात टेकून बसली होती. हे बघितल्यावरच तिनं तबकड्या खाली ठेवल्या आणि रबरी बाह्यांतून हात काढून तोंडावर घेतले.

मॅडम स्टुलावर बसल्या. एकवीस जिवाणूंतला तुकडा कुठं बसलाय ते पुण्याच्या एका प्रयोगशाळेतून वाचून घ्यायला आठ दिवस पुरतात, समिती यायला अजून सतरा आहेत, असं त्या बोटांवर मोजत होत्या आणि मोजता मोजता हसत होत्या. एकवीस सुना. चार वर्षं शोधलेल्या, एकदम एका सकाळी दारात उभ्या. सोमेशनं राजाबाईच्या खांद्याला हात लावला, मग एकदम वाकून पाया पडला. तिनं त्याला अर्ध्यातच वर ओढलं.

“अक्का, आता रडता कशाला?” मॅडमनी विचारलं.

“पयल्यांदाच कुणीतरी उपाशी ऱ्हावं म्हणून देवाला नारळ बोललीया, म्याडम. अन् त्यानं ऐकलं. लाज वाटतीया, अन् हसूबी येतंय.” तिनं पदरानं डोळे पुसले, पेटीतल्या त्या एकवीस जांभळ्या घरांकडे एकदा मायेनं पाहिलं आणि सोमेशला दरडावून म्हणाली, “दारावर चिठ्ठी लाव. मोट्या अक्षरात. ह्यास्नी कुणी खायाला घालू नगा.”